दुधीचं वजन

बाबांनी नोकरीची तीस वर्षं डोंबिवली एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या वजनकाट्यावर काढली. ट्रक रिकामा किती, भरलेला किती, एवढ्यावर त्यांचं जग चालायचं. वजन वाढलं म्हणजे माल कुठून तरी आला, आणि तो कुठून आला ते दाखवता आलंच पाहिजे. या बाबतीत त्यांनी देवाचंही ऐकलं नसतं, माझं तर मुळीच नाही. बीएस्सीला वनस्पतिशास्त्रात मला चांगले मार्क होते, एमएस्सीला प्रवेशही मिळत होता. "झाडपाल्यासाठी आणखी दोन वर्षं कशाला?" एवढं म्हणून त्यांनी विषय मिटवला. मी बीएड केलं आणि कल्याणच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले, त्याला आता पंचवीस वर्षं झाली. मी शिकले ते नुसता झाडपाला नव्हता, हे एकदा त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं मला. तो हट्ट मी मनातून कधी सोडला नाही.

निवृत्त झाल्यावर त्यांनी ठाकुर्लीच्या घरी, गॅलरीत, रंगाच्या रिकाम्या डब्यात दुधी लावला. वेल ग्रिलवर चढली. एका रविवारी मी गेले तेव्हा पहिला दुधी तळहातावर तोलत ते म्हणाले, "बघ, मातीतून काय काय निघतं."

मी म्हटलं, मातीतून फारसं काही नाही, बरंचसं हवेतून. पान हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेतं, उन्हाच्या जोरावर त्याची पाण्याशी सांगड घालून साखर करतं, आणि त्या साखरेतूनच पुढे खोड, पानं, फळ. एखाद्या ड्रायव्हरने खोटी पावती पुढे करावी तसे ते माझ्याकडे बघत राहिले.

"हवा तोलून दाखव."

"माती तोलू या, बाबा. आधी आणि नंतर."

हे त्यांना पटलं. पुढच्या खेपेला त्यांनी माती गच्चीवर चार दिवस वाळवली, तोलली आणि आकडा डब्यावरच मार्करने लिहिला. सहा दुधी निघाले, ते आम्ही खाल्ले. मग मुळं वेचून माती पुन्हा वाळवली. ती आधीपेक्षा पाव किलो जास्त भरली.

बाबांनी काटा तीनदा तपासला. शेवटी आई स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "चहाचा चोथा घालत होते मी. रोज. तुम्ही दोघं त्याला नुसत्या पाण्यावर ठेवणार होतात. उपाशी मारायचं का बिचाऱ्याला?"

बाबा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. मला मात्र फोन करून म्हणाले, "तुझं शास्त्र आईच्या चहापुढे टिकलं नाही."

यंदा पुन्हा लावला. डब्यावर जाळी बांधली, आणि आईला गॅलरीत कपडे वाळत घालण्यापुरताच प्रवेश. दुधी मोठे झाले तशी बाबांनीच शंका काढली, "यात पाणी किती? पावसात भिजून आलेला माल मी कधी तसाच धरला नाही." त्यांचं म्हणणं बरोबर होतं. म्हणून यंदा एकही दुधी खायचा नाही असं ठरलं. चकत्या, वेल, पानं, मुळं, सगळं कडकडीत वाळवलं. चांगली भाजी उन्हात घातली म्हणून आई आठवडाभर कुरकुरत होती. टोपलीभर दुधी शेवटी एका परातीत मावले. वाळलेलं सगळं मिळून अर्धा किलो भरलं. माती कमी झाली होती जेमतेम चाळीस ग्रॅम.

मी एक चकती चिमट्यात धरून गॅसवर जाळली. काळा तुकडा उरला तो बाबांच्या हातात दिला. "हा कोळसा हवेतला."

त्यांनी तो बोटांनी चुरडला. "म्हणजे चाळीस ग्रॅम मातीतलं, आणि बाकीचं सगळं..."

"हवेतलं आणि पाण्यातलं. मातीतलं नाही."

"मग यांच्या श्वासातलंही असणार की," आई म्हणाली. "गेल्या खेपेला एक कडू निघाला होता, तो त्यातलाच."

मला हसू आलं. बाबा हसले नाहीत. "हे तुला तेव्हाच माहीत होतं? कॉलेजात?"

"हो. पहिल्या वर्षापासून."

त्यांनी बोटांची काजळी परातीच्या कडेला पुसली. मग म्हणाले, "तुला शिकू द्यायला पाहिजे होतं. चुकलं माझं."

हेच मला ऐकायचं होतं. ऐकल्यावर मन हलकं होईल, असं मी धरून चालले होते. इतकी वर्षं मी त्यांना सांभाळून घेत आले होते, त्यांना त्यातलं काय कळतंय म्हणून. आता त्यांना कळलं होतं. मी परात उचलून आत गेले, ओट्याशी उभी राहिले, आणि तेव्हा पहिल्यांदा मला त्यांचा खरा राग आला.