साडेपाचचा डोंगर

बायको खोकून खोकून गेली. धुराने छाती खलास झाली, असं डॉक्टर म्हणाले. धूर कोणाचा, ते मी तिथेच ठरवून टाकलं. मांजरी गावात आमच्या घरामागे भंगाराचं दुकान आहे, तिथला भंगारवाला तांब्यासाठी दुपारी वायरी जाळतो. त्याच्यावर तक्रारीचा अर्ज केला. तोंडावर सांगितलं, "माझी बायको तू मारलीस." तो खाली मान घालून उभा राहिला.

मग कॉलेजातली एक मुलगी हवा तपासायची डबी लावायला घर शोधत आली. म्हटलं, लाव इथे, पुरावा होईल. बायको भाजी निवडायला बसायची त्या खिडकीत लावली.

"आत काय घातलंय?"

"कथलाची पूड, आजोबा. डोळ्याला दिसणार नाही इतकी बारीक. विषारी वायू लागला की तिच्यातली वीज कमीजास्त होते. ते मला मोबाईलवर दिसतं."

कथील मला माहीत, भांड्यांना कल्हई करतात ते. त्याला वास कळतो, हे नवीन.

पंधरा दिवसांनी आली, मोबाईल पुढे धरला. रेघ बहुतेक सपाट, मधे एक लहान उंचवटा, आणि रोज एकाच वेळी डोंगर.

"भंगारवाला," मी म्हटलं.

"त्याचं हे दुपारचं टेकाड. डोंगर पहाटे साडेपाचचा आहे. तेव्हा काय असतं हो?"

साडेपाचला मी अंघोळीचा बंब पेटवतो. फर्निचरच्या कारखान्यात हमाली केली, तिथले प्लायचे तुकडे, रंगवलेल्या पट्ट्या पोत्याने आणायचो. फुकटचं जळण. बंब त्या खिडकीखालीच. बायको म्हणायची, "अहो, या लाकडाला वास येतो. डोळे झोंबतात." मी म्हणायचो, "गरम पाणी पाहिजे ना? मग गप बस."

ती गप बसली.

दुसऱ्या दिवशी बंब पेटवला नाही. मुलीचा फोन आला, डोंगर नाही.

"पण आजोबा, मागचं ही डबी सांगू शकत नाही."

"मागचं मला माहीत आहे," म्हटलं आणि फोन ठेवला.

अर्ज मागे घेतला. बंब उचलून भंगारवाल्याच्या दारात नेऊन ठेवला.

"हा घे, तोडून टाक. बायको तू नाही मारलीस. मी बोललो ते चुकलं."

त्याने बंब आत ओढून घेतला. मग म्हणाला, "काकू मला पण सांगायच्या, बाबा, वायरी नको जाळूस. मी तरी कुठं ऐकलं?"

त्याने स्टूल पुढे सरकवलं. बसलो.