नावाड्याचा पटका
डांबराचा वास आला की डांबर फासलेली ती जुनी नाव आठवते. दुष्काळ सरून कृष्णा भरली होती आणि आम्ही चार कॉलेजमित्र कराडहून नावेनं निघालो होतो. म्हातारा नावाडी सारखा माझ्या पिशवीकडं बघत होता. तिच्यात कॉलेजच्या वाचनालयाचं पुस्तक होतं. हरवलं तर दंड भरायला पैसे नव्हते, आणि तो भरल्याशिवाय मला, घरातल्या पहिल्या कॉलेजवाल्याला, परीक्षेला बसता येणार नव्हतं. पिशवी नावेतच विसरून काठावरच्या गुऱ्हाळात काकवी खाल्ली, परतलो तर ती रिकामी. "पुस्तक कुठाय, म्हातारबा?" मी ओरडलो. उन्हात बोडक्यानं बसलेल्या त्यानं डोक्याचा पटका सोडून त्यात बांधलेलं पुस्तक पुढं केलं. "पिशवीखाली पानी झिरपत हुतं, लेकरा." "माफी माग की रं," मित्र कुजबुजला. परतीच्या घाटापर्यंत पटका पुस्तकालाच होता. ती माफी अजून मागायची राहिली आहे.