बोटीत आठच माणसं बसतात

“मॅडम, सातचे नऊ करून टाका,” राजूभाऊ फोनवर म्हणाले. चहात साखर थोडी वाढवा, असं सांगावं तसा सूर होता.

“राजूभाऊ, बोट आठ जणांची आहे.”

“तेच म्हणतोय. एक जागा रिकामीच आहे. म्हणजे एकच तर माणूस वाढतंय. सरकून बसू.”

मी जळगावात टूर्सचं ऑफिस चालवते. ‘सरकून बसू’ हे शब्द ऐकले की माझं डोकं ठणकायला लागतं. आमच्या खान्देशात काळीपिवळी जीपमध्ये किती माणसं बसतात, याचं उत्तर ‘जेवढी आली तेवढी’ असं आहे. आणखी दोन आत, एक दाराला, एक टपावर. कुणाला खाली उतरवत नाहीत आणि कुणाला त्यात काही वावगंही वाटत नाही. पण समुद्रातली छोटी बोट म्हणजे काळीपिवळी नव्हे.

थायलंडच्या दक्षिणेला बेटांच्या मधून फिरणारी ही बोट. तिला कॅटामरान म्हणतात. दोन अरुंद होड्या शेजारी शेजारी ठेवून वर एकच माळा टाकावा, तशी तिची बांधणी असते. चार केबिन, प्रत्येकीत दोघं. स्किपर म्हणजे बोट चालवणारा, आणि एक स्वयंपाकी, ते वेगळे झोपतात. पाहुणे आठ म्हणजे आठ. नववा चढला तर बंदरातून बोट सोडत नाहीत. मांडीवरचं बाळसुद्धा एक माणूस धरतात, कारण त्यालाही लाइफ जॅकेट लागतं.

हे सगळं मी राजूभाऊंना त्यांच्या मेहरूणच्या बंगल्यावर जाऊन सांगितलं होतं. राजूभाऊंचं पाण्याच्या पंपांचं मोठं दुकान आहे. माणूस वाईट नाही. दिलेला शब्द पाळतो. फक्त दिलेला शब्द कुणाच्या जिवावर पाळायचा, हे तो बघत नाही. ते मला नंतर कळलं.

ही ट्रिप ठरली होती त्यांच्या आईच्या पंचाहत्तरीसाठी. आईंना सगळे अक्का म्हणतात. जन्म गेला धुळ्याकडच्या खेड्यात. आता मुलांकडे जळगावला असतात, पण बोलतात अजून अहिराणीच. राजूभाऊ आणि वहिनी, त्यांची मुलगी केतकी, धाकटा भाऊ, त्याची बायको, त्यांचा मुलगा आणि अक्का, असे सात जण. अक्का आणि केतकी एका केबिनमध्ये. पुतण्याच्या केबिनमध्ये एक जागा रिकामी. चित्र असं स्वच्छ होतं.

त्या दिवशी मी बंगल्यावर नेहमीचं सांगत होते. चाकाच्या कडक बॅगा आणू नका. बोटीत त्या ठेवायला जागा नसते. मऊ पिशव्या आणा, रिकाम्या झाल्या की घडी करून गादीखाली जातात. चपला बोटीवर चढताना काढायच्या. गोडं पाणी टाकीतलं, त्यामुळे अंघोळ दोन तांब्यांत. उलटीची गोळी बोट सुटायच्या आधी घ्यायची. बोट लागल्यावर घेतली तर ती गोळीही बाहेर येते. परतीचं विमान बोटीतून उतरल्याच्या दिवशी ठेवायचं नाही, वारा फिरला तर बोट थांबते.

अक्का सोफ्यावर पाय वर घेऊन ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, “पोरी, माले एक सांग. समुद्रले पल्याडना काठ दिसस का नही?”

“का हो अक्का?”

“आमनी गल्लीमानी इंदूबाई द्वारकाले जाई उनी. ती म्हनस, पल्याड काठच नही. असं कसं व्हई? पानी शे तर काठ शेच!”

सगळे हसले. अक्का हसल्या नाहीत. पाणी आहे तिथे काठ असणारच, हे त्यांचं मत होतं आणि ते डोळ्यांनी बघून इंदूबाईला गप्प करायचं होतं. एवढ्यासाठी त्यांनी पासपोर्ट काढला होता. इतक्या वर्षांत मला ‘तिकडे शॉपिंग काय मिळतं’ हे शंभरांनी विचारलं असेल. काठ दिसतो का, हे फक्त अक्कांनी विचारलं. मला त्या तेव्हाच आवडल्या.

मी त्यांना शिडीबद्दल सांगितलं. बोट किनाऱ्याला टेकत नाही, दूर उभी राहते. बेटावर जायला रबरी होडी असते, तिला डिंगी म्हणतात. बोटीतून डिंगीत उतरायला लहानशी शिडी असते. पायऱ्यांसारखं समोर बघत उतरायचं नाही. तोंड शिडीकडे, पाठ पाण्याकडे. म्हातारं माणूस असेल तर स्किपर खालून हात देतो. “जमेल का?” मी विचारलं.

पंधरवड्याने पुन्हा गेले तेव्हा अक्कांनी मला हाताला धरून मागच्या खोलीत नेलं. माळ्याला लाकडी शिडी लावलेली होती. पदर खोचून त्या चढल्या आणि पाठमोऱ्या उतरल्या. गुडघा कुरकुरला, पण उतरल्या.

“मी रोज उतरस. तोंड शिडीकडे, पाठ पानीकडे. तूच सांगेल शे ना?”

मी म्हटलं, “अक्का, स्किपरला तुम्ही शिकवाल.”

आता तुम्हाला कळेल, ‘सातचे नऊ करा’ ऐकून मला काय वाटलं असेल.

“वाढलंय कोण?” मी फोनवर विचारलं.

वाढले होते व्याही. केतकीचं लग्न मधल्या काळात धुळ्याला ठरलं होतं. सुपारी फुटली, पंगती उठल्या, शेवभाजीने सगळ्यांच्या कपाळावर घाम आला होता, आणि त्या आनंदात राजूभाऊ व्याह्यांना म्हणाले, “आम्ही बोटीने चाललोय. तुम्हीपण चला ना!”

आमच्याकडे हे वाक्य हात धुतलेल्या माणसाला ‘अजून एक भाकरी घ्या’ म्हणावं तसं म्हणतात. म्हणणाऱ्याने म्हणायचं असतं आणि ऐकणाऱ्याने ‘यंदा नको, पुढच्या वेळी’ म्हणायचं असतं. दोघांचाही मान राहतो. पण व्याही मोकळ्या स्वभावाचे निघाले. म्हणाले, “चला! आम्हाला काय, तुम्ही न्याल तिथे.” विहीणबाईंनी तिथल्या तिथे कुठल्या साड्या चालतील ते विचारलं.

झालं. आता ‘मी उगीच म्हटलं होतं’ असं व्याह्यांना कोण सांगणार?

राजूभाऊ दुसऱ्या दिवशी ऑफिसात आले. मी पर्याय काढून ठेवले होते. मोठी बोट नव्हती, डिसेंबरातल्या सगळ्या आधीच गेलेल्या. पण जिथे आमची बोट मुक्कामाला थांबते, त्या बेटावर चांगलं हॉटेल होतं.

“व्याह्यांना हॉटेल द्या. दिवसभर ते बोटीवरच तुमच्याबरोबर राहतील, फक्त झोपायला हॉटेलात जातील.”

“मॅडम, आम्ही बोटीत आणि व्याही हॉटेलात? माझ्या पोरीला त्या घरात नांदायचंय.”

“मग तुम्ही हॉटेलात झोपा.”

“मी?” त्यांना ते कुणी सुचवेल असं वाटलंच नव्हतं. “खर्च मी करतोय, आणि मीच बाहेर?”

“धाकटे भाऊ?”

“त्याच्या बायकोला काय वाटेल?”

मग ते जरा वेळ माझ्या टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसले. त्यांनी तोंड उघडायच्या आधीच मला कळलं होतं. घरात एकच माणूस असं होतं, ज्याला काय वाटेल हा प्रश्न कुणाला पडत नव्हता.

“मी काय म्हणतो, आईला झेपेल का हो? तुम्हीच म्हणाला होतात, शिडी असते. म्हातारं माणूस…”

“मी ‘जमेल का’ विचारलं होतं. त्यांनी जमवून दाखवलं.”

“ते माळ्यावर. समुद्रात हलतं ना?” मग आवाज खाली आला. “तुम्ही एक करा. तुम्हीच आईला सांगा, कंपनी सत्तरच्या वरचं माणूस घेत नाही म्हणून. तुमचं ऐकेल ती. आम्ही सांगितलं तर तिला वाईट वाटेल.”

मला संताप आला. तो मी लपवला नाही.

“असा नियम नाही. आणि मी खोटं सांगणार नाही. अक्कांच्या नावाने ट्रिप काढलीत, अक्काच नाहीत, मग जाताय कशाला?”

“मॅडम, तुम्हाला मुलगी नाही वाटतं लग्नाची,” ते म्हणाले आणि उठले.

त्या बोलण्यात तथ्य होतं, तेच जास्त लागलं. मुलीच्या सासरी पहिल्याच पायरीला खडा नको, ही भीती खरी होती. पण त्या खऱ्या भीतीसाठी त्यांनी आईला खोटं सांगायचं ठरवलं. बाकी काही नाही.

अक्कांशी बोलायचं म्हणून मी बंगल्यावर फोन केला. वहिनींनी उचलला. अक्का झोपल्यात, म्हणाल्या. पुन्हा केला तर देवळात गेल्या होत्या. तिसऱ्यांदा वहिनी सरळ म्हणाल्या, “त्यांना आम्ही सांगितलंय, कंपनीचा नियम आहे म्हणून. तुम्ही आता उगीच घोळ नका घालू.”

आठ नावं आली. त्यात अक्का नव्हत्या. बोट त्यांनी घेतलेली, माणसं त्यांची. मी नाही म्हटलं असतं तर नाशिकच्या कुठल्याही एजंटने दुसऱ्या दिवशी हेच बुकिंग केलं असतं. मी नावं पुढे पाठवली. व्याह्यांना अक्कांची केबिन, केतकी चुलत भावाच्या केबिनमध्ये.

पुढचं मला स्किपरने फोनवर सांगितलं, आणि थोडं केतकीने. व्याही दोन कडक बॅगा घेऊन आले, त्या बोटीवर दारातच अडकल्या. विहीणबाईंनी गोळी घेतली नाही, ‘मला एस.टी.तसुद्धा काही होत नाही’ म्हणाल्या. बेटं मागे पडून जरा मोकळं पाणी लागलं आणि बोट डोलायला लागली. त्यांनी जे आडवं पडून घेतलं, ते दुसऱ्या दिवशी दुपारी डिंगीत बसेपर्यंत. डिंगीतही शिडीने उतरवेना, तिघांनी धरून उतरवलं. व्याही-विहीण उरलेली सुट्टी बेटावरच्या हॉटेलात राहिले. त्याच हॉटेलात, जे मी सुचवलं होतं.

अक्कांची केबिन तिथून शेवटपर्यंत रिकामी होती.

परत आल्यावर राजूभाऊंचा फोन आला. मला वाटलं, माणूस थोडा तरी ओशाळला असेल.

“मॅडम, बोट हलकी होती. व्याह्यांसमोर आमची शोभा झाली. असली बोट द्यायला नको होती तुम्ही.”

“गोळीचं मी सांगितलं होतं.”

“आणि एक बघा, आईला नाही नेलं तेच बरं झालं. विहीणबाईंची ही गत, तर आईचं काय झालं असतं?”

मी फोन ठेवला. ज्याला स्वतःच्या चुकीतही पुण्य सापडतं, त्याला उत्तर देऊन काय होतं?

लग्नाचं बोलावणं आलं. मी धुळ्याला गेले ते केतकीसाठी. स्टेजजवळच्या खुर्चीत अक्का बसल्या होत्या, नव्या पैठणीत, नवरीसारख्या नटलेल्या. मला बघितलं आणि हाताने जवळ बोलावलं. व्याही, राजूभाऊ, सगळे हाकेच्या अंतरावर. अक्कांनी कमरेच्या पिशवीतून मोबाइल काढला. त्यात केतकीने बोटीवरचे फोटो टाकून दिले होते.

“देख,” त्या म्हणाल्या आणि बोट स्क्रीनवर टेकवलं. “मी काय म्हनेल व्हतं? काठ शे ना?”

फोटोत निळं पाणी होतं आणि पल्याड हिरव्या बेटाची कड. पुढच्या फोटोत दुसरं बेट, त्याच्या पुढच्यात तिसरं. बेटांच्या मधून फिरणाऱ्या बोटीतून काठ दिसतोच. अक्कांचं खरं होतं.

“इंदूले दखाडं,” त्या म्हणाल्या. “गप बठी गई.”

मी हसले. हसावंच लागलं. मग त्यांनी माझा हात धरला आणि जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, “ती कंपनी म्हाताऱ्यासले नही लेस म्हने. तू त्यासले सांगजो, मी शिडी शिकी लिन्ही व्हती.”

राजूभाऊ माझ्याकडे बघत होते. हातात अक्षतांचं ताट होतं आणि तोंडावर विनंती. पोरगी अजून बोहल्यावर चढायची होती.

“सांगते, अक्का,” मी म्हटलं.

आता छोट्या बोटीचं बुकिंग करायला कुणी आलं, की मी गोळी, पिशव्या, शिडी यांच्याआधी दोन गोष्टी सांगते. पहिली म्हणजे, बोटीचं नाव काढून कुणालाही ‘चला ना’ म्हणू नका, लोक येतात. दुसरी मी ऑफिसात सांगत नाही. त्यासाठी मुद्दाम घरी जाते, सगळ्यात म्हातारं माणूस बाहेर येऊन बसेपर्यंत चहा पीत थांबते, आणि मग मुलांकडे न बघता त्यांनाच मोठ्याने सांगते, “आजी, या बोटीला वयाची अट नाही. आहे असं कुणी सांगितलं तर मला फोन करा.” आणि माझा नंबर त्यांच्याच मोबाइलमध्ये टाकून देते.