मुहूर्ताची गाडी

माहा लहान भाऊ धम्मदीप दिग्रसच्या एका जिनिंग कंपनीत तंत्रज्ञानाचा सगळ्यात मोठा अधिकारी होता. पुण्याची नोकरी सोडून आलता बाप्पा! आमची आई सत्यभामा जन्मभर दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचत आली. तिले हे पद काही समजे नाही. "मशीनीयचा पाटील आहे म्हण," असं मीच तिले सांगितलं.

त्यानं फाटकावर कॅमेऱ्याची मशीन बसवली. गाडीतला कापूस पाहून ती प्रत सांगे. तवापर्यंत प्रत ठरवणारा ग्रेडर आधी माणसाचं तोंड पाहे, मंग कापूस. आमच्या उकंडामामाचा दुधासारखा कापूस दरसाल खालच्या प्रतीत जाये. धम्मदीप म्हणे, "उर्वशीताई, मशीनले आडनाव वाचता येत नाही." याच एका गोष्टीसाठी तो परत आलता.

बोंडअळीचं साल होतं, लोकायचं डोकं आधीच तापलेलं. खरेदीच्या मुहूर्ताले पहिली गाडी बड्या शेतकऱ्याची, वामनरावची. कंपनीच्या मालकानं नारळ फोडला, वामनरावच्या बायकोनं, इंदुताईनं कापसावर हळद-कुंकू वाहिलं, मशीन सुरू झाली आन् म्हणे, डागी माल, नापास!

काय कल्ला झाला! किडक्या कापसाची कवडी, काडी, ओलावा, सारं त्यानं मशीनले शिकवलं होतं. कुंकू राह्यलं. राहीनच न! आज्यानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तवापासून आमच्या घरात कुंकवाचा करंडा नाही. त्याच्या ध्यानातच आलं नाही. लोक म्हणाले, "यानं मुद्दाम केलं. याले आपला मुहूर्त खुपते." दोन दिवसात दुरुस्ती झाली असती, पण मालकानं मशीनीची वायरच काढून टाकली.

धम्मदीपच्या दारावरची पाटी मात्र राहू दिली. बाहेरचे पाहुणे आले की मालक याले कोट घालून उभा करे. बाकी दिवस हा ऑफिसातले प्रिंटर दुरुस्त करे. मले असा संताप ये! "सोड न बावा," म्हटलं, तर म्हणे, "मी गेलो तर ती मशीन कोण चालू करन?"

दिवाळीनंतर उकंडामामा गाडी घेऊन गेला, मीही संगं होती. ग्रेडरनं मूठभर कापूस उचलला, मामाच्या तोंडाकडं पाह्यलं आन् म्हणाला, "खालची प्रत."

मामा हसला. फाटकावर भाचाच उभा होता न त्याचा! "धम्मदीप, तुह्या मशीनले दाखव बरं."

"मामा, मशीन बंद आहे."

"मंग चालू कर."

"मले परवानगी नाही."

मामानं बैलायचा कासरा हातात घेतला. "मंग तू कायले आहेस रे इथं?"

वजनकाट्यावरून मामाची पावती आली, खालच्या प्रतीची. साफ, ठळक छापलेली. तो प्रिंटर धम्मदीपनंच सकाळी दुरुस्त केलता.