चार रिकामी घरं

चंद्रपूरहून नवा मदरबोर्ड मांडीवर सांभाळत मी आमच्या गावी, सावलीला, परत आले, खोका उघडला आणि कपाळावर हात मारला. पॉवर सप्लायची वायर बसवायची जागा या बोर्डावर चोवीस घरांची होती, आणि माझ्या जुन्या सप्लायचा प्लग वीसचा. दुकानात मी तासभर शंका काढल्या होत्या, नेमकी हीच काढायची राहिली.

सासरच्या ओसरीलगतच्या खोलीत मी टायपिंगचं काम करायची. अर्ज, लग्नपत्रिका, बचत गटाचे कागद. कॉम्प्युटरचा जुना बोर्ड कॅपॅसिटर फुगून गेला होता. कामाचं मला काही वाटत नव्हतं. लोक आठवडाभर थांबले असते. पण आतल्या हार्ड डिस्कवर माझ्या धाकट्या दिराचा फोटो होता.

तो हिवतापानं गेला. त्याचा एकच धड फोटो होता, माझ्या लग्नातला. मोठा करून घ्यायचा म्हणून मी तो स्कॅन केला, आणि मूळ फोटो अल्बमसकट वाळवीनं खाल्ला. आता त्याचं वर्षश्राद्ध तोंडावर आलं होतं. भिंतीवर लावायला घरात त्याचा चेहरा नव्हता. सासूबाई रोज येऊन बंद पडद्यासमोर बसायच्या. मलाही त्याची फार आठवण यायची. या खोलीची सगळी वायरिंग त्यानंच केली होती, वाकडीतिकडी, पण हौसेनं.

डिस्क काढून चंद्रपूरला न्यावी, तिथे दुसऱ्या मशीनवर फोटो उघडावा, असं मी आधीच सुचवलं होतं. सासूबाईंनी साफ नकार दिला.

"त्याले घराबाहेर नको नेऊ. एकदा नेला होता गडचिरोलीले."

तिथल्या दवाखान्यातून तो जिवंत परत आला नव्हता. मग बोर्डच बदलायचं ठरलं.

मी दुकानदाराला फोन लावला.

"प्रोसेसरची वेगळी वायर हाये ना तुमच्या सप्लायले?" त्यानं विचारलं. "मंग चालते, ताई. प्लग खाचेत बरोबर बसवा, चार घरं राहू द्या रिकामी. पण जुन्या सप्लायची गॅरंटी मी नाई देत."

"नवा सप्लाय द्या ना मंग."

"नागपूरहून माल आला का सांगतो."

त्याचा माल कधी येतो हे मला चांगलं ठाऊक होतं. नवरा म्हणाला, थांबू थोडं. तो प्रत्येक गोष्टीला हेच म्हणतो.

"चालते म्हन्ते ना तो? मंग लाव," सासूबाई म्हणाल्या.

"सप्लायनं दगा देला तं डिस्कही जाईन, आई. फोटोच नाई राहणार."

त्यांनी बंद पडद्यावरून हात फिरवला. "जुन्या चुलीचा इस्तो नव्या चुलीत जाते ना? मंग हे काऊन नाई जाणार?"

माझ्या सासरी नवी चूल काडीनं पेटवत नाहीत. जुन्या चुलीतला निखारा सून पळीवर घेऊन जाते आणि नवी चूल पेटेपर्यंत सासू भिंतीकडे तोंड करून उभी राहते. तिनं वळून पाहिलं तर विस्तव धरत नाही, असं मानतात. लग्नानंतर मीही निखारा नेला होता, मनातल्या मनात हसत. आता मात्र मला रागच आला. विजेला काय कुणाची रीतभात कळते? पण दुसरा मार्गही मला सुचत नव्हता.

आधी डिस्क बाजूला ठेवून नुसता बोर्ड चालू केला. पंखा फिरला, पडद्यावर अक्षरं आली. बराच वेळ तसंच चालू ठेवलं, सप्लायला हात लावून पाहिला, कोमट होता. मग सगळं बंद करून डिस्क जोडली. बटणापाशी गेलेला हात मात्र पुढे होईना.

मागे पाहिलं तर सासूबाई स्टुलावरून उठल्या होत्या. भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या, दोन्ही हात पदरात घेऊन. त्यांचं ते पाठमोरं उभं राहणं पाहून मला गलबलून आलं. मुलाचा शेवटचा चेहरा त्यांनी माझ्या हाती दिला होता, आणि बघतही नव्हत्या.

मी बटण दाबलं.

मशीन कुरकुरत राहिलं. नवीन वस्तू सापडली, अजून एक सापडली, असं पडद्यावर येतच राहिलं. मी एकेक खिडकी बंद करत गेले आणि फोटोंचा फोल्डर उघडला.

खांद्यावर जिलब्यांची परात घेऊन तो हसत होता, डोळे अर्धे मिटलेले.

मशीनची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"आला काय तो?" भिंतीकडे तोंड करूनच सासूबाईंनी विचारलं.

"आले भाऊजी, आई."

त्या लगेच वळल्या नाहीत. पदरानं तोंड पुसलं, कपाळावरचे केस मागे सारले, पदर नीट केला, आणि मग वळल्या.