वाडी माझ्या शब्दावर उठायची

साहेबाने रंगाचा रिकामा डबा माझ्या गळ्यात अडकवला.

मैलाचे दगड रंगवायचा पिवळा रंग. तो आतून अजून ओला होता. तार मानेला रुतली आणि पिवळा ओघळ माझ्या नव्या पांढऱ्या सदऱ्यावरून पोटापर्यंत आला. मग साहेबाने कुदळीचा तुटका दांडा माझ्या हातात दिला. आमचं ऑफिस म्हणजे रस्त्याकडेची पत्र्याची शेड. शेडीसमोर वीस-पंचवीस माणसं उभी होती. मुकादम, ड्रायव्हर, खडी फोडणाऱ्या बाया.

"वाजव," साहेब म्हणाला.

मी वाजवला नाही.

"लाजतोस काय? तुझा बाप गावात दवंडी पिटायचा ना? रक्तातच आहे तुमच्या. बी.ए. झालास म्हणून विसरलास?"

एक ड्रायव्हर ओरडला, "ओ बी.ए. बँडवाले, एक वरातीचं होऊन जाऊ दे!"

सगळे हसले. खडी फोडणाऱ्या बायाही हसल्या.

मी वाजवला.

हे आधीच लिहून ठेवतो. पुढे मी काय केलं ते सांगताना माझी छाती फुगू नये म्हणून. मी वाजवला.

खालापूर तालुक्यात तेव्हा मोठ्या रस्त्याचं काम चाललं होतं. जुना रस्ता उखडून रुंद करायचा होता. मध्ये कातळाची सोंड येत होती. ती सुरुंग लावून फोडायची. सुरुंगाच्या स्फोटाला तिथे सगळे बार म्हणत. बार उडाला की दगड उडत, आणि ते पडत खालच्या कातकरवाडीवर. दहा-बारा कुडाच्या झोपड्या. ठेकेदाराच्या मॅनेजरने, म्हणजे या साहेबाने, मला नोकरीला ठेवलं ते या वाडीसाठी. बार कधी उडणार, कुठे जाऊन थांबायचं, हे लोकांना समजावून सांगायचं. आमच्या बौद्धवाड्यातला मी पहिला पदवीधर. कर्जतला भिसेगावात एका मास्तरांच्या पडवीत राहून मॅट्रिक झालो होतो. त्यांच्या बायकोने मला कधी वेगळा कप दिला नाही. त्या घराचा मी आजही ऋणी आहे. त्या दिवसांत मात्र मी सगळ्यांचाच ऋणी होतो. साहेबाचासुद्धा. त्याने मला खुर्ची दिली होती. खुर्ची देणारा माणूस वाईट असूच शकत नाही, असं मला वाटायचं.

पहिल्या आठवड्यात मी बसून एक पत्रक लिहिलं. सोप्या भाषेत, मोठ्या अक्षरात. साहेबाने ते वाचलं नाही. त्यावर भजी ठेवली. "त्या जंगल्यांना वाचता येतं का रे?" म्हणाला, आणि डबा आणायला माणूस पाठवला.

डबा वाजवत मी वाडीकडे निघालो. वाटेत शेताच्या बांधावर बाप उभा होता. बापाने देव सोडले त्या साली हलगीही सोडली होती. चुलीत घातली होती. चामडं जळाल्याचा वास तीन दिवस घरातून गेला नव्हता. बापाने माझा सदरा पाहिला, डबा पाहिला.

"मी टाकली ती तू उचललीस व्हय रं?"

एवढंच. मग खाली वाकून तो बांधाला माती लावू लागला.

वाडीत सोमी नावाची बाई दारात बसली होती. डबा ऐकून तिने हाक मारली, "कुनाचं लगीन हाय रं?"

मी म्हणालो, "दुपारी बार उडणार आहे. सगळ्यांनी ओढ्यापलीकडे जायचं."

ती थुंकली. "गेल्या खेपंला बी एक मुकादम हेच सांगून गेला. आमी गेलो वड्यापल्याड. माघारी आलो तं माझं घर नाय. त्यांची मशीन चुलीवरनं फिरलेली. बार तं उडलाच नव्हता. हे घर पुन्यांदा उभं केलंय. आता मरू तं घरात मरू. जा, डबा वाजीव जा."

तिचा नवरा काळू बांबूच्या कामट्या तासत बसला होता. तो म्हणाला, "लय वराडलास पोरा. घसा सुकला आसल. पानी पी."

मी पाणी प्यायलो. त्या दुपारी बार उडाला, कुणी हललं नाही, आणि दगड पडले. नशिबाने रानात पडले. परतताना मी डबा ओढ्यात फेकला.

दुसऱ्या दिवशी मोकळ्या हातांनी गेलो. म्हणालो, "तुम्ही जा. मी इथेच थांबतो. या मोठ्या दगडाआड बसतो, तिथून सगळी घरं दिसतात. मशीन आली तर आधी माझ्यावरून जाईल."

त्या दिवशी एकटा काळू ओढ्यापलीकडे गेला. तिसऱ्या दिवशी चार घरांतली माणसं गेली. मी दगडाला पाठ लावून बसायचो. बार उडाला की कातळ खालून ढकलल्यासारखा हलायचा. कानांत तासभर शिट्टी वाजायची. एके दिवशी माणसाच्या डोक्याएवढा दगड सोमीच्या छपरातून आत गेला आणि थेट चुलीत बसला. ओढ्यावरून परत आल्यावर सोमीने तो दगड दोन्ही हातांनी उचलायचा प्रयत्न केला. उचलेना.

"खरं बोललास रं," ती म्हणाली.

तिथून वाडी माझ्या शब्दावर उठू लागली. वेळ बदलली तर मी धावत जायचो. आज बार नाही, हेही जाऊन सांगायचो. ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणायचो. बारचा भोंगा वाजला तरी बायका आधी माझ्याकडे बघायच्या. मी मान हलवली की पोरं काखोटीला मारून निघायच्या. मुंबईहून मोठे अधिकारी आले तेव्हा साहेबाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आमचा हा मुलगा. याने लोकांचा विश्वास मिळवलाय." मला आनंद झाला. आज लाज वाटते, पण झाला.

आठवड्याभराने त्याने मला शेडीत बोलावलं.

"उद्या अकराला बार आहे म्हणून सांग."

"उद्याची सुरुंगाची भोकं पाडलेली नाहीत, साहेब."

"बार नाहीच. मशीन जाणार आहे. वाडी साफ करायची. तासाभराचं काम."

"त्यांना दुसरी जागा दिली नाही अजून."

"तो विचार तू करू नकोस. ती माणसं तुझ्या शब्दावर उठतात. म्हणून तर तुला ठेवलाय."

मग डोक्यात एक एक गोष्ट जागेवर पडत गेली. मी मिळवलेला विश्वास त्याला का हवा होता. खांद्यावर हात का ठेवला होता.

"मी सांगणार नाही," मी म्हणालो.

त्याने कानाखाली मारली. मी पडलो नाही. म्हणून मुकादमाला आणि दोन ड्रायव्हरना हाक मारली. त्यांनी भोकं पाडायच्या कॉम्प्रेसरच्या रबरी पाइपने मारलं. पाठीवर, पोटऱ्यांवर, मग तोंडावर. पाइपच्या टोकाला लोखंडी कडी होती. एक दात तुटून जिभेवर आला. साहेब खुर्चीत बसून बोलत होता. "तुला माणसात आणला. खुर्चीवर बसवला. शेवटी जात दाखवलीस." मी खाली पडल्यावर तो उठला. बुटाची टाच माझ्या उजव्या हातावर ठेवली आणि फिरवली. "या हाताने लिहितोस ना?"

शुद्ध होती तेवढी घेऊन वाडीत गेलो. काळूने तोंड धुवून दिलं. मी सगळं सांगितलं. "उद्या अकराला भोंगा वाजेल. तो खोटा आहे. उद्या बार नाही. उठू नका."

दुसऱ्या दिवशी भोंगा वाजला. कुणी उठलं नाही. बुलडोझर आला. बाया त्याच्यासमोर जाऊन बसल्या. सोमी सगळ्यांत पुढे. चालवणाऱ्याने मशीन बंद केली, खाली उतरला आणि बिडी पेटवली. "मी नाय बा चालवत मानसांवरनं," म्हणाला. साहेब जीपमध्ये उभा होता. वाडीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. निघून गेला.

आम्ही हसलो. काळूने तोंडाने भोंगा वाजवून दाखवला आणि पोरं लोळली.

जेवणवेळेनंतर वरून कॉम्प्रेसरचा आवाज येऊ लागला. भोकं पाडायचं काम. मला ऐकू आलं. मी मनात म्हणालो, उद्याची तयारी असेल. ते माझं गणित होतं. सकाळी हरलेला माणूस घरी जातो, असं मी धरून चाललो. भोंग्याशिवाय, लाल बावट्याशिवाय, भरल्या वाडीवर कुणी बार उडवणार नाही, असं धरून चाललो. इतका मार खाऊनही मी त्या माणसाला माणूसच धरलं होतं.

चारच्या सुमाराला बार उडाला.

भोंगा नाही. बावटा नाही. काळू अंगणात कामट्या तासत बसला होता. दगड त्याच्या छातीवर आला. तो मागे पडला नाही, जागच्या जागी दुमडला. तोंडातून, नाकातून रक्त आलं. कामट्या लाल झाल्या. हात थोडा वेळ तसाच चालत राहिला, तासल्यासारखा. मग थांबला.

सोमी धावत आली. तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि वर माझ्याकडे पाहिलं.

"तू आज नाय म्हनला हुतास."

मार खाताना मला इतकं लागलं नव्हतं.

सकाळी साहेब आला. सोबत एक हवालदार आणि कोरा कागद. माझ्याशी गोड बोलला. "झालं ते झालं. तू लिहून दे. पूर्वसूचना दिली होती, मयत इसमाने घर सोडलं नाही. नोकरी पक्की करतो तुझी."

उजव्या हाताची बोटं सुजून काकडीएवढी झाली होती. पेन डाव्या हातात धरलं. पहिलीतल्या पोरासारखी अक्षरं आली. लिहिलं: सूचना दिली नाही. भोंगा वाजवला नाही. बावटा लावला नाही. सकाळी वाडी उठली नाही, म्हणून दुपारी मुद्दाम बार उडवला. खाली नाव लिहिलं आणि नावापुढे बी.ए. लिहिलं.

साहेबाने कागद फाडला. हवालदार दुसरीकडे बघत राहिला.

मी दुसरा लिहिला. तो तालुक्याच्या कचेरीत नेऊन दिला. तिथल्या माणसाने घेतला, टेबलाच्या खणात टाकला आणि खण लावला.

परत येऊन मी सोमीसमोर उभा राहिलो. म्हणालो, "कॉम्प्रेसर मला ऐकू आला होता. तरी मी तुम्हाला सांगितलं नाही. चूक माझी आहे." तिने पदर कमरेला खोचला. मग म्हणाली, "तुझी हाय. ती तुझ्याकडं ठेव. आता चल."

"कुठे?"

"वर. भोकांवर."

कातळावर नवी भोकं पाडून ठेवली होती. अजून भरली नव्हती. आम्ही एकेका भोकावर एक माणूस बसलो. म्हातारी माणसं, बाया, सगळी वाडी. गावातून माझा बाप आला. माझ्या शेजारच्या भोकावर बसला. बुडाखालून दगडाची ऊब वर येत होती.

जीप आली. साहेब खालूनच ओरडला, "उठा! नाहीतर भरून वात लावतो एकेकाला!"

"लाव," मी म्हणालो. तोंडी 'साहेब' आलं नाही. "ये वर. तू स्वतः लाव. आजपासून बारची वेळ वाडी सांगेल. जागा मिळेपर्यंत, काळूच्या खुनाचा कागद खणातून बाहेर येईपर्यंत, वेळ नाही."

तो वर आला नाही. मुकादमाला पुढे ढकलू लागला. मुकादमाच्या हातात तोच पाइप होता.

मला दिसत होतं, पुन्हा मार बसणार. बापाला, सोमीलाही बसणार. काळू परत येणार नव्हता आणि त्याचं मरण माझ्या अंगावरून कुणी उतरवणार नव्हतं. त्या कातळावर बसून मी एवढंच ठरवलं. ज्यांनी मला वाढवलं त्यांचा मी ऋणी राहीन. ज्यांनी मला वापरलं त्यांचं मी काही देणं लागत नाही. माझ्या तोंडून यापुढे जे निघेल ते या माणसांसाठी निघेल, नाहीतर निघणार नाही. दात पाडा, बोटं मोडा.

मुकादमाने पाइप उचलला. मी भोकावर आणखी घट्ट बसलो.