राणीची करडं आणि गावभरचा खरवस

आमच्या राणीला जुळं झालं तेव्हा घरात मी एकटाच होतो. राणी ही शेळी आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. (मागं एका पाहुण्यांना फोनवर नुसतं "राणीला जुळं झालं" एवढंच सांगितलं, तर ते बाळंतविडा घेऊन दारात हजर!)

राणी खरं तर माझी नाही, माझ्या बायकोची. कुसुमनं तिला करडू असल्यापासून वाढवलेलं. अस्सल आमच्या धाराशिवकडची जात, काळी कुळकुळीत, लांब कानांची, आणि कुसुम सोडून घरात कुणालाही न जुमानणारी. लेकीचं लग्न झाल्यापासून घरात आम्ही तिघंच, त्यामुळं न जुमानायला तिच्याजवळ मी एकटाच उरलो होतो. मी भूमच्या डेपोतून कंडक्टर म्हणून रिटायर झालो. बाजाराच्या दिवशी खच्चून भरलेली गाडी ज्यानं सांभाळली, त्याला एका शेळीचं काय एवढं, असा माझा तोरा. म्हणून उमरग्याला मेहुणीच्या लेकीचं डोहाळजेवण निघालं, तेव्हा कुसुमला मीच जायचा आग्रह केला.

"राणीचे दिस भरलेत वो," ती दारात घुटमळत म्हणाली.

"मग? म्या हाय न्हवं घरात?"

"त्येचीच तर काळजी वाटतीय!" असं म्हणून ती गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहात खारी बुडवतोय, तेवढ्यात गोठ्यातून बारीक आवाज आला. जाऊन बघतो तर एकाला दोन! एक मोठी, धडधाकट पाठ, म्हणजे मादी करडू, आणि एक बोकड, इतकंसं, की माझ्या दोन तळहातांत मावावं. राणीनं दोघांना चाटून लख्ख केलं होतं. मी मिशीला पीळ दिला. (जणू मीच व्यालो होतो.) पण करडं कासेला लागली की राणी लाथ झाडायची. मी हात लावून पाहिला तर कास तापलेली आणि दगडासारखी घट्ट. थोडं पिळलं तर लालसर पाणी आलं. दुसरी लाथ माझ्या गुडघ्यावर बसली, ती वेगळीच.

भूमच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "कासेला सूज हाय. तिचं दूध पाजू नका. मी संध्याकाळपर्यंत येऊन इंजेक्शन देतो. पण करडांच्या पोटात आत्ता चीक गेला पाहिजे, दुपार व्हायच्या आत. दुसऱ्या शेळीचा मिळाला तर उत्तम, न्हायतर गाईचा, म्हशीचा. कोमट करून पाजा."

"आणि न्हाय मिळाला तर?"

"मिळवाच," डॉक्टर म्हणाले.

कुसुमला फोन केला. ती एवढंच म्हणाली, "डोहाळजेवण ऱ्हाऊ द्या तिकडं, म्या निघाले. पर तवर माझी लेकरं जगली पायजेत, सांगून ठिवते." आता गाडी उमरग्याहून येणार कधी, हे मला सांगायची गरज नव्हती. तोवर सगळा कारभार माझ्या हातात.

पण नशीब बघा! शेजारच्या रशीदभाईंची म्हैस आदल्याच दिवशी व्यालेली. मी चरवी घेऊन धावलो. त्यांच्या घरच्या शहनाजभाभींनी ऐकलं मात्र, होता तेवढा चीक चरवीत ओतला, वर नातवाची जुनी दुधाची बाटलीही दिली.

"ले जाव भाई, लेकरांचा पयला हक हाय. आमच्या रेडकाचं पोट भरलंय. आता धार संध्याकाळीच निगंल, तवा जपून वापरा बरं का!"

दाट, पिवळाधमक चीक! मी विजयी मुद्रेनं घरी आलो. डॉक्टर 'कोमट' म्हणाले होते. कोमट म्हणजे किती, हे मी काही विचारलं नव्हतं. दूध तापवायला कधी कुणाला विचारावं लागतं का? पातेलं गॅसवर ठेवलं. तेवढ्यात बारकं करडू केविलवाणं ओरडलं, म्हणून गोठ्यात डोकावलो. माघारी आलो तर पातेल्यात चीक नव्हता. पातेल्यात खरवस होता!

आयुष्यात मी स्वतःच्या हातानं केलेला हा पहिला पदार्थ. खाली किंचित करपला होता, पण बाकी चमचा उभा राहील असा झकास जमला होता. चीक चुलीवर ठेवला की त्याची वडी होते, हे आमच्या जिल्ह्यात शेंबड्या पोरालासुद्धा कळतं, मग ज्यानं जन्मभर त्या वड्या मिटक्या मारत खाल्ल्या, त्याच्या हे ध्यानात येऊ नये? मी त्यात पाणी घालून घोटलं. बाटलीत भरलं. रबरी बुचातून थेंब पडेना. बाटली जोरात दाबली, तर बूच उडून राणीच्या कपाळावर आपटलं. तिनं माझ्याकडं जे पाहिलं, ते मी अजून विसरलेलो नाही.

पुन्हा भाभींच्या दारात.

"या अल्ला! गॅसवर ठेवला?" त्यांनी कपाळावर हात मारला. "आता माझ्याजवळ थेंब न्हाय वो. काल घरोघर वाटला न्हवं का!"

आमच्याकडं जनावर व्यालं की चीक एकट्यानं खात नाहीत, आळीत वाटतात. ती रीत त्या दिवशी मला तारेल असं वाटलं. मी पहिल्या घरी गेलो. तिथल्या म्हाताऱ्या काकूंनी हसत स्वागत केलं.

"काकू, चीक हाय का उरलेला?"

"आता कुठला? कवाच खरवस केला. ये, बस. गुळाचा केलाय."

"काकू, लई घाई हाय, करडं उपाशी..."

"अरं, चिकाच्या वस्तूला नको म्हणायचं न्हाय. म्हैस आटती."

रशीदभाईंची म्हैस आटली तर संध्याकाळच्या धारेचाही आधार जाईल, या भीतीनं मी वडी तोंडात टाकली. दुसऱ्या घरी साखरेचा होता, वेलदोडा घातलेला. तिथं आग्रहानं दोन वड्या. तिसऱ्या घरी सुनेनं पहिल्यांदाच केला होता, तिच्यासमोर नाही म्हणणं जिवावर आलं, आणि सासूबाई म्हणाल्या, "खा की कंडक्टर, कसा झालाय ते सांगा तरी!" छान झाला होता. तेच तर दुःख होतं! ज्या चिकावाचून दोन जीव तिकडं तडफडत होते, तो चीक वड्या होऊन घरोघर माझ्याच पोटात चालला होता. तिसऱ्या घरून उठलो तेव्हा घास घशाशी आला होता आणि डोळ्यांत पाणी.

ते पाणी त्या सुनेनं पाहिलं. म्हणाली, "सुमनकाकूंच्या फ्रीजमध्ये बघा. त्यांची गाय मागं व्याली तवाचा ठेवलाय म्हणत व्हत्या."

सुमनवहिनी म्हणजे आमच्या चुलतभावाची बायको. भाऊ गेला, लेक बाळू पुण्यात नोकरीला. मी धापा टाकत सगळं सांगितलं. त्या उठल्या, बर्फाच्या कप्प्यातून एक बाटली काढली आणि हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

"बाळूसाठी ठिवलाय. त्याला लई आवडतो खरवस. मागल्या सणाला येतो म्हणला, सुट्टी न्हाय मिळाली. आता येतो म्हणलाय."

कुणाच्या लेकराच्या तोंडचं काढून कुणाच्या लेकराला द्यायचं! मी "ऱ्हाऊ द्या वहिनी" म्हणणार, तोच त्यांनी बाटली माझ्या हातात कोंबली.

"न्या भाऊजी. बाळूला न्हाय मिळाला तर फोनवर रुसंल. ही करडं कुणाला फोन करणार?" आणि मी अंगणात उतरलो तशा मागून ओरडल्या, "गॅसवर ठिवू नका!" (बातमी माझ्याआधी पोचली होती.)

घरी आलो. गॅसकडं मी मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. बादलीत कोमट पाणी घेतलं, त्यात बाटली धरून बसलो. बर्फ वितळता वितळेना. मोठी पाठ ओरडून घर डोक्यावर घेत होती. तिची मला काळजी नव्हती. बारकं मात्र ओरडायचं थांबलं होतं. त्याचे कान गार पडले होते. मी माझा जुना खाकी शर्ट काढून त्यात त्याला गुंडाळलं आणि मांडीवर घेतलं. एवढासा जीव, छातीचा भाता मात्र सारखा हलत होता. मला भीती वाटली, खरीखुरी. कुसुमला काय सांगू, ही भीती नव्हती ती. त्यानं डोळे मिटू नयेत, एवढंच वाटत होतं.

शेवटी चीक पातळ झाला. भाभींची बाटली धुऊन त्यात तो भरला. बाटली पाठीच्या तोंडाला लावली. तिनं बूच चावलं आणि थुंकलं. बारक्यानं तर तोंडच उघडलं नाही. मी फोन लावला. कुसुम एसटीत होती, आणि गाडीच्या खडखडाटात ऐकू यावं म्हणून तिनं फोन मोठ्या आवाजावर ठेवलेला.

"तोंड वर करून हुंगतंय का?" तिनं विचारलं.

"व्हय. माझ्या ढोपराला हुंगतंय."

"मग कास हुडकतंय ते. त्येला आडोसा लागतो, अंधार लागतो. पोटाखाली धरा बाटली."

"कुणाच्या?"

"तिथं दुसरं कोण हाय?"

मागून एसटीतल्या एका आजीबाईंचा आवाज आला, "मालकांना म्हणावं, चार पायांवर व्हा!" सगळी गाडी हसली. ज्या गाडीत मी जन्मभर लोकांना शिस्त लावली, त्या गाडीनं मला ओणवं केलं.

मी गोठ्यात गुडघे आणि एक हात टेकून उभा राहिलो. (उभा राहिलो म्हणायचं आपलं.) दुसऱ्या हातानं बाटली पोटाखाली धरली. एव्हाना कुंपणाशी रशीदभाई, भाभी आणि अर्धी आळी जमली होती.

"कंडक्टर, हाक मारा की! आई हाक मारती!" रशीदभाई ओरडले.

लाज कुठल्या कुठं गेली होती. मी "म्यां" केलं. पहिलं जमलं नाही, दुसरं बरं आलं. राणीनं चारा चघळायचं थांबवून माझ्याकडं पाहिलं. आणि पाठ माझ्या पोटाखाली शिरली, एक ढुशी दिली, अन् बाटलीला लागली! तिची एवढीशी शेपटी भराभर हलायला लागली. भाभींनी आत येऊन शर्टातून बारक्याला उचलून तिच्या शेजारी टेकवलं आणि दोन थेंब त्याच्या ओठांवर चोळले. त्यानं जीभ काढली. मग तोंड उघडलं. मी बाटली त्याच्याकडं फिरवली. बराच वेळ काही नाही. आणि मग त्याचीही शेपटी हलली. आधी एकदा, मग थांबायचं नावच नाही!

कुसुम आली तेव्हा मी तसाच होतो. कंबर धरली होती, उठता येत नव्हतं, आणि दोन्ही करडं पोटाखाली झोपली होती, त्यामुळं उठावंसंही वाटत नव्हतं. ती पिशवी टाकून धावली, दोघांच्या पोटाला हात लावून पाहिला, कान चाचपले. मग तिथंच मातीत बसली आणि पदर डोळ्यांना लावला. मी म्हटलं, "अगं, जगलीत की!" तर म्हणाली, "म्हून तर रडतीय." जरा वेळानं नाक पुसून तिनं विचारलं, "तुमी सकाळधरनं उपाशीच असशीला?" मी ढेकर दाबला.

डॉक्टर आले, राणीला इंजेक्शन दिलं, ती बरी झाली. पण करडं तिच्याकडं जाईनात आणि तीही बोलावीना. बाटली, मग पाला, मग चारा, सगळं माझ्या मागं मागं. मी पारावर गप्पा मारायला बसलो तरी दोघं शेजारी.

करडं चांगली टणटणीत झाल्यावर लस टोचायला नव्या डॉक्टरीणबाई आल्या. दोघांनी गोठाभर नुसता धुडगूस घातला, काही केल्या हाती लागेनात.

"ह्यांची आई कुठंय? तिला जरा जवळ आणा, म्हणजे गप उभी राहतील," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

राणी कोपऱ्यात निवांत कडबा खात होती. कुसुमनं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. तिनं सरळ माझ्याकडं बोट दाखवलं.

डॉक्टरीणबाईंनी मला वरून खालपर्यंत न्याहाळलं. मी पुढं होऊन गुडघे टेकले, आणि दोघंही माझ्या पोटाखाली येऊन शहाण्यासारखी उभी राहिली. बाईंनी दोघांना सुई टोचली. करडांनी हूं की चूं केलं नाही.

ओरडलो तो मी!